कळल्याशिवाय घर भरू नकोस

पेण,
रविवार

चि. सोनूस,



तुझं पत्र मिळालं. वर्तमानपत्रातलं रोजचं शब्दकोडं सकाळचा चहा संपायच्या आत हातावेगळं होतं, पण इंग्रजी क्रिप्टिक कोडं समोर आलं की एकही ओळ कळत नाही, असं तू लिहिलंस. तीन गोष्टी विचारल्यास: असली गूढ कोडी सोडवायला शिकायचं कसं, स्पर्धेत उतरायचं कसं, आणि रोह्यात राहून हे जमेल का. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगते. उत्तर सुचलं म्हणून घर भरायचं नाही. तेच उत्तर का, हे दुसऱ्याला पटवून देता आलं की मगच पेन टेकवायचं. बाकी सगळं पत्र याच एका वाक्याचा विस्तार आहे.

साध्या कोड्यात शोधसूत्र म्हणजे नुसता अर्थ असतो. ‘कमळ (3)’ एवढंच दिलं की पंकज, सरोज, राजीव, अंबुज, नलिनी असे पाच शब्द हात वर करतात, आणि खरा कुठला ते आडव्या-उभ्या अक्षरांवर ठरतं. गूढ कोड्यात तसं नसतं. तिथे शोधसूत्राचे दोन भाग असतात. एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, शब्दाचा सरळ अर्थ. उरलेल्या भागात तो शब्द कसा बनला त्याची कृती. दोन्ही भाग असे बेमालूम सांधलेले असतात की वाचताना एक साधं वाक्य वाटतं. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन तू एकाच शब्दावर पोचलीस, तर उत्तर बरोबर आहे हे तिथल्या तिथे कळतं. दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

नुसतं सांगून कळायचं नाही, म्हणून तुझ्यासाठी एक छोटं कोडं रचलंय. तीनच शब्द आहेत. आडव्या ओळीत चार घरं. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या घरातून तीन-तीन घरांचे दोन उभे शब्द जातात, आणि दोघांचंही मधलं घर या आडव्या ओळीत येतं. वहीवर आखून घे.

दुसरा उभा शब्द: ‘बापा, पडवीत दडलंय पेणचं वाळवण (3)’. पेणचं म्हटल्यावर तुझ्या मनात आधी पोहे येतील, पण पोहे दोन अक्षरांचे आणि ते वाळवणही नव्हेत. आता वाक्याचा अर्थ विसर आणि अक्षरं बघ. ‘दडलंय’ हा खुणेचा शब्द आहे. ‘बापा, पडवी’ एवढ्यात काहीतरी दडलंय. बा-पा-प-ड-वी. मधली तीन अक्षरं उचल: पापड. सरळ अर्थ ‘पेणचं वाळवण’, तोही जुळला. मधला स्वल्पविराम तुझी नजर अडवण्यासाठी होता. गूढ कोड्यात विरामचिन्हांवर कधी विसंबू नकोस.

पहिला उभा शब्द: ‘अर्धी आई, कवठातला मऊ भाग: इथे मीठ पिकतं (3)’. आई हा शब्द दोन अक्षरांचा, अर्धी आई म्हणजे ‘आ’. कवठातला मऊ भाग म्हणजे ‘गर’. जोडलं की आगर. पेणच्या खाडीकाठच्या माणसाला आगर म्हणजे मिठागर हे सांगावं लागत नाही.

आता आडवा शब्द: ‘समूहाचा नवरा पेणमध्ये घडतो (4)’. उभे दोन्ही शब्द लिहिल्यावर पहिल्या घरात ‘ग’ आणि तिसऱ्यात ‘प’ आलाच आहे. समूह म्हणजे गण, नवरा म्हणजे पती. गणपती. हा कदाचित तुला पहिल्या झटक्यातच सुचला असेल. तरीही ‘समूह’ आणि ‘नवरा’ हे दोन्ही शब्द कामाला लागले का ते तपासूनच लिही. चांगल्या शोधसूत्रात एकही शब्द फुकटचा नसतो. तुझ्या उत्तरात एखादा शब्द उपरा राहिला, तर बहुतेक वेळा उत्तर चुकलेलं असतं.

अशा कृतींचे प्रकार मोजकेच आहेत. एकदा खुणेचे शब्द ओळखीचे झाले की अर्धी भीती जाते. ‘दडलेला’, ‘पोटात’, ‘आत’ असे शब्द आले की शब्द लपलेला असतो किंवा एकात दुसरा घातलेला असतो. ‘माघारी’, ‘परत’, ‘उलटा’ आले की अक्षरं उलट वाचायची. उभ्या शब्दात त्याच कामासाठी ‘वर चढला’ असंही लिहितात. ‘गरीब माघारी फिरला, कुंडलिका, समजा (2)’ हे बघ. गरीब म्हणजे दीन, तो माघारी फिरला की नदी. कुंडलिका ही अनेक नद्यांपैकी एक, म्हणून ‘समजा’ हा शब्द घातला. रचणाऱ्याचा प्रामाणिकपणा असल्या बारीक शब्दांत दिसतो.

‘गडबड’, ‘घोळ’, ‘विस्कटलेला’ आले की अक्षरांची उलथापालथ करायची. ‘विकता गडबड झाली, ती केशवसुतांनी लिहिलेली (3)’. वि-क-ता ही तीन अक्षरं हलव आणि कविता लिही. काही शोधसूत्रांत कृती नसतेच, दोन सरळ अर्थ शेजारी ठेवलेले असतात. ‘मांडवात बसलेला, खाली नाही (2)’ याचं उत्तर वर. नवरदेवही वर आणि खालीच्या उलटही वर. जोडशब्दाचा प्रकार तू गणपतीत पाहिलास. त्याचाच थोडा अवघड नमुना: ‘भुंगा, मग उद्यान: जिल्ह्याचं मुख्य गाव (4)’. अलि म्हणजे भुंगा हे ठाऊक असलं तर अलिबाग. ठाऊक नसलं तर गाव सुचेल, पण सिद्ध होणार नाही. तेव्हा कोश उघडून बघायचं.

इथे मराठी आणि इंग्रजीतला एक मोठा फरक नीट ध्यानात ठेव. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण, आणि तिथे एकूण वर्णच सव्वीस. आपल्या कोड्यात एका घरात पुरं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. त्यामुळे मराठीत अक्षर फुटत नाही. नागोठणे घे. नाग दिसतो, ओठही ऐकू येतो, पण घरं पाडलीस तर ना-गो-ठ-णे. ‘ओ’ त्या ‘गो’मध्ये विरघळला आहे. म्हणून ‘साप आणि ओठ’ असं शोधसूत्र मराठीत चालणार नाही. मराठीत कोडं रचणं कठीण जातं ते यामुळेच, कारण आडव्या-उभ्या शब्दांना तंतोतंत तेच अक्षर, त्याच मात्रेसकट, सामाईक असावं लागतं. पण सोडवणाऱ्याचा त्यात फायदा आहे. इंग्रजीत मिळालेला एक वर्ण सव्वीसातला एक असतो. मराठीत मिळालेलं एक अक्षर शेकडो अक्षरांतलं एक असतं. एकच ‘ठा’ किंवा ‘क्षि’ मिळाला तरी शब्दाचं अर्धं रूप समोर येतं.

म्हणून शुद्धलेखनाची हयगय करू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 पासून चालत आलेत. त्यांप्रमाणे संस्कृतातून आलेले इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत एकटे लिहिताना दीर्घान्त लिहायचे, समासात पूर्वपदी आले की मूळचे ऱ्हस्व ठेवायचे. कवी, पण कविवर्य. गणपती, पण गणपतिपूजन. माझ्या छोट्या कोड्यात ‘ती’च्या घराला छेद देणारा दुसरा शब्द नाही. तिथे वेलांटी पहिली की दुसरी, हे तुला नियमानेच ठरवावं लागतं. स्पर्धेत सगळं येत असूनही गुण जातात ते बहुधा अशाच घरांत.

ही गूढ बोलण्याची खोड आपल्याला परकी आहे असं समजू नकोस. तू ज्या गावात आजोळाला येतेस, त्या पेणमध्ये घरोघरी गणपती घडतात. त्या गणपतीची महाभारताच्या लेखनाची कथा तुला ठाऊक आहे. लेखणी मध्ये थांबणार नाही, अशी अट गणपतीने घातली. त्यावर व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहायचं नाही. मग व्यास अधूनमधून असा गाठीचा श्लोक सांगत, की प्रत्यक्ष बुद्धिदात्यालाही क्षणभर थांबून विचार करावा लागे. तेच कूटश्लोक. परंपरेत त्यांची संख्या 8,800 सांगतात. सोनू, कोडं सोडवणाऱ्याने गळ्यात बांधून ठेवावी अशी ती अट आहे. ज्याचा वेग साऱ्या जगाने वाखाणला, त्यालाही कळल्याशिवाय लिहायची परवानगी नव्हती.

अमरकोशात भुंग्याला दिलेल्या नावांत एक नाव ‘द्विरेफ’ आहे. द्विरेफ म्हणजे दोन रेफ, दोन ‘र’ असलेला. कशात दोन ‘र’? ‘भ्रमर’ या शब्दात. म्हणजे कीटकाला नाव दिलंय ते त्याच्या दुसऱ्या नावातली अक्षरं मोजून. गूढ शोधसूत्र याहून वेगळं काय असतं? मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असं, म्हणजे प-फ-ब-भ-म वर्ज्य करून, निरोष्ठ रामायण रचलं. बायका ओव्यांत आणि आहाण्यांत कोडी घालत आल्या. तेव्हा अक्षरांशी खेळणं आपल्या रक्तात आहे, चौकट तेवढी बाहेरून आली.

ती चौकट कुठून आली तेही माहीत असू दे. 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं. ते साधं, अर्थावर चालणारं होतं. गूढ प्रकार इंग्लंडात वाढला. 1926 पासून ऑब्झर्व्हरमध्ये पॉइस मॅथर्स हे टॉर्केमाडा या टोपणनावाने भयंकर अवघड कोडी रचत. त्यांच्यानंतर तिथेच डेरिक मॅकनट हे झिमेनीस या नावाने आले. त्यांनी 1966 साली पुस्तक लिहून या कलेला शिस्त लावली. ती शिस्त थोडक्यात अशी: शोधसूत्रात अचूक अर्थ असावा, न्याय्य कृती असावी आणि तिसरं काही नसावं. रचणाऱ्याने वाचणाऱ्याला हवं तेवढं चकवावं, पण त्याच्याशी खोटं बोलू नये. तू कोडी निवडशील तेव्हा हीच कसोटी लाव. जे कोडं उत्तर पाहिल्यावरही पटत नाही, ते अवघड नसतं, वाईट असतं. त्यावर वेळ घालवू नकोस.

आता अभ्यासाचं. रोज एकच कोडं घे, पण पुरं घे. जेवढं सुटतं तेवढं सोडव आणि उरलेलं दिवसभर मनात राहू दे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की खरा अभ्यास सुरू होतो. न सुटलेल्या प्रत्येक शोधसूत्रापुढे उत्तर मांड आणि उलट चालत जा. सरळ अर्थ कुठे होता, कृती कुठून सुरू झाली, खुणेचा शब्द कुठला, हे एका वहीत लिहीत जा. बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. उत्तर बघतात, ‘असं होय’ म्हणतात आणि पान उलटतात. वही ठेवणारा काही महिन्यांत त्यांच्या पुढे जातो, कारण रचणाऱ्यांच्या लकबी ठरलेल्या असतात आणि त्या वहीत जमा होतात.

इंग्रजी शिकायचंच असेल तर द हिंदूतल्या कोड्यापासून सुरुवात कर. ते रचणारे भारतीय असतात. पहिल्या दिवशी चार शब्द आले तरी पुष्कळ झाले. इंग्रजीतल्या काही खुणा पाठच कराव्या लागतात. तिथे क्रिकेटचे शब्द, रोमन अंक, सैन्यातले हुद्दे, नद्यांची नावं अशी तुटक सामग्री पुन्हा पुन्हा येते. पण मराठी सोडू नकोस. मोल्सवर्थचा जुना शब्दकोश वाचनालयात मिळतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला. त्यात आपल्या कुणबी-आगरी बोलण्यातले असे शब्द सापडतात, जे शहरातल्या मुलांनी ऐकलेलेही नसतात. कोश शब्द शोधायला उघडायचा आणि शेजारचे चार शब्द वाचून मिटायचा, ही सवय लाव.

आणि आठवड्याला निदान एक शोधसूत्र स्वतः रच. दुसऱ्याने बांधलेली गाठ सोडवायला शिकायचं तर स्वतः गाठ मारून बघावी लागते. तू पेणला येतेस त्या गाडीत तुला वेळ आहे. निडी, नागोठणे, कासू अशी स्थानकं येतील तशी घे. एकेकाची घरं पाड, आत कुठला शब्द दडलाय का बघ, उलट वाच, दोन तुकडे करून बघ. जमलं नाही तरी हरकत नाही, तेवढ्यात अक्षरांकडे अक्षरं म्हणून बघायची नजर तयार होते. जे रचशील ते आईला वाचून दाखव. तिला पटलं नाही तर ते शोधसूत्र कच्चं आहे असं खुशाल समज.

आता स्पर्धेचं बोलू. तू पाठवलेली जाहिरात मी नीट वाचली. प्रवेशशुल्क भरा, कोडं सोडवा, मोठी रक्कम जिंका. तिच्यात एक पैसाही घालू नकोस. कारण सांगते, म्हणजे पुढची जाहिरात तुझी तुलाच ओळखता येईल.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड फार पसरलं होतं. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई आणि मुंबई राज्यात होता. त्या कोड्यांतली युक्ती अशी असे: एखाद्या शोधसूत्राला दोन शब्द सारखेच बसायचे. समजा, ‘म्हातारपणी माणसाला याची गरज भासते’. घरात शेवटी ‘न’ आहे, पहिल्या घराला छेद नाही. धन की जन? दोन्ही चालतात. बरोबर कुठलं, तर आयोजकाने आधीच बंद करून ठेवलेलं असेल ते. अशी दहा ठिकाणं कोड्यात पेरली की 1,024 वेगवेगळी उत्तरं तयार होतात, आणि प्रत्येक प्रवेशिकेला वेगळे पैसे. माणूस कितीही हुशार असो, त्याची हुशारी तिथे चालतच नाही.

मुंबई सरकारने 1948 सालीच असल्या स्पर्धांना आळा आणि कर लावणारा कायदा केला होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या अशाच स्पर्धा बंगळुरूला छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातून चालत, आणि ते साप्ताहिक मुंबई राज्यातही खपे. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान केंद्राने 1955 साली बक्षीस स्पर्धा कायदा केला. त्यात महिन्याला 1,000 रुपयांवर बक्षीस नको आणि 2,000 वर प्रवेशिका नकोत, अशी बंधनं होती. एप्रिल 1957 मध्ये न्यायालयाने निकाल दिला. जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही ती स्पर्धा म्हणजे जुगार. जुगार हा व्यापार नव्हे, त्यामुळे त्याला घटनेचं व्यापारस्वातंत्र्य मिळत नाही. आणि जिथे यश खरोखर कौशल्यावर आहे, ती स्पर्धा या कायद्याच्या बंधनांत येत नाही. म्हणजे मी तुला कोड्याबद्दल जे सांगितलं तेच न्यायालयाने स्पर्धेबद्दल सांगितलं. उत्तर सिद्ध करता येत असेल तर कौशल्य, नाहीतर नशीब. शिवाय 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केलाय. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने मना केलेत. तेव्हा मोबाइलवर आलेल्या असल्या आमंत्रणांना दाराबाहेरच ठेव.

मग उतरायचं कुठे? जिथे आधीच्या वर्षांची कोडी उत्तरांसकट आणि कारणांसकट बघायला मिळतात, तिथे. इंडियन क्रॉसवर्ड लीग 2013 पासून चालू आहे. आधी ऑनलाइन फेऱ्या, मग निवडक मंडळींची समोरासमोर अंतिम फेरी. शाळकरी मुलांसाठी वेगळी आंतरशालेय गूढ कोडी स्पर्धाही होते, ती तुझ्या जुन्या शाळेतल्या बाईंना जरूर सांग. इंग्लंडात टाइम्सची स्पर्धा 1970 पासून होते. तिथली कोडी मिळतील तशी सरावाला घे. मराठीत दिवाळी अंक आणि पुरवण्या अधूनमधून कोड्यांची स्पर्धा ठेवतात. त्यात भाग घे, पण आधी मागच्या अंकातलं उत्तर वाच. पटलं तरच प्रवेशिका पाठव.

स्पर्धेत बसल्यावर काय करायचं तेही सांगते. पहिल्या शोधसूत्रावर अडून राहू नकोस. सगळी शोधसूत्रं एकदा झरझर वाच, आणि लपलेले शब्द, सरळ उलथापालथ असं दिसताक्षणी सुटणारं आधी भर. मग ज्या शब्दाचं पहिलं अक्षर मिळालंय तिकडे वळ, मधल्या अक्षरापेक्षा पहिलं अक्षर जास्त बोलतं. एखादं शोधसूत्र सुटलं नाही तर पुढे जा. परत येशील तेव्हा तेच वाक्य वेगळं दिसतं. शेवटची काही मिनिटं भरण्यासाठी वापरू नकोस, तपासण्यासाठी राखून ठेव. पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते, आणि तिथे कारागीर हात आवरून धरतो, कारण सगळी मूर्ती चांगली होऊन डोळा बिघडला तर ती मूर्ती जात नाही. तपासणी तशी कर. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक जोडाक्षर बोट ठेवून बघ.

जानेवारी 1942 मधली लंडनची एक स्पर्धा मला यासाठी फार महत्त्वाची वाटते. डेली टेलिग्राफचं कोडं 12 मिनिटांत कुणी सोडवून दाखवलं तर 100 पौंड धर्मादाय देईन, असं आव्हान एका गृहस्थाने दिलं. वृत्तपत्राने आपल्या कचेरीत पंचवीसेक जणांना बसवलं. पाच जणांनी वेळेत पुरं केलं. त्यातल्या एकाने एक शब्द चुकीचा लिहिला होता, तो बाद झाला. स्टॅन्ली सेजविक नावाच्या सोडवणाऱ्याचा एकच शब्द राहिला तेव्हा घंटा झाली. काही आठवड्यांनी त्यांना युद्धखात्याचं पत्र आलं, आणि ते ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर रुजू झाले. बघ, घाईत शब्द चुकवणारा वेळेत संपवूनही बाद झाला, आणि एक घर कोरं ठेवणाऱ्याला देशाने कामाला बोलावलं. कोऱ्या घराची लाज वाटून घेऊ नकोस. न कळता भरलेल्या घराची मात्र वाटू दे.

राहिली रोह्याची गोष्ट. चेन्नई-बंगळुरूची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी कोडी सोडवत आलीत, त्यांच्यापुढे आपला काय पाड, असं तू लिहिलंस. त्यांचा सराव मोठा आहे हे खरं, आणि तो मान त्यांना द्यायला हवा. पण ऑनलाइन फेरीत सगळ्यांना कोडं एकाच वेळी मिळतं, आणि शोधसूत्र कुणाचा पत्ता विचारत नाही. तुला कमी आहे ती सोबत. ती तू उभी कर. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी धर, आठवड्यातून एकदा वाचनालयात एक कोडं समोर ठेवून बसा. नियम एकच करा: जिला उत्तर सुचेल तिने उत्तर आधी सांगायचं नाही, कारण सांगायचं. कारण ऐकून बाकीच्या दोघींना उत्तर आपोआप मिळालं पाहिजे. तिघींपैकी जी सगळ्यात हळू आहे तिच्यासाठी थांबा. तिला समजावता समजावता तुमचं स्वतःचं पक्कं होईल. तीन मुलींनी असं एक वर्ष काढलं, तर पुढच्या वर्षी रोह्यात दहा जणी असतील, आणि मग गावातच एक छोटी स्पर्धा घेता येईल. बक्षीस म्हणून शब्दकोश द्या. त्या स्पर्धेसाठी मराठी कोडी तुम्हीच रचा. मराठीत गूढ कोडी रचणारे हात फार थोडे आहेत, ते वाढायला हवेत, आणि ते रोह्यात वाढू नयेत असं काही नाही.

यंदा जिंकायचं म्हणून उतरू नकोस. यंदा एवढंच ठरव, की पाठवलेल्या प्रत्येक उत्तराचं कारण वहीत लिहिलेलं असेल. ते जमलं की वेग मागून येतो, आणि वेगामागून बाकीचं. ताईला आणि भाऊजींना माझा नमस्कार सांग. पुढच्या पत्रात मला खालच्या शोधसूत्राचं उत्तर कळव, पण उत्तराच्या आधी दोन ओळींत कारण लिही. कारण पटलं तर पुढचं कोडं पाठवते.

‘जिंकणाऱ्याच्या गळ्यात, न जिंकणाऱ्याच्या वाट्याला (2)’

तुझी,
मावशी